आमच्या घरचे ससे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



दर महिन्याच्या सभेत एकीने उभे राहून आपल्या अनुभवाचे चार शब्द सांगावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजवर या जागेवरून कुणी उन्हाळी वाळवणांची माहिती दिली, कुणी काशीयात्रेचे वर्णन केले, कुणी बचतीचे महत्त्व पटवून दिले. माझी पाळी आली तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. सातवीची परीक्षा झाली आणि घरात लग्नाचे बोलणे सुरू झाले. मला सशांखेरीज सांगण्यासारखे काय येते?" त्या हसून म्हणाल्या, "मग सशांचेच सांगा. निम्म्या गल्लीला ते पाहायचे आहेत." तेव्हा सांगते. बोलण्यात काही चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

आपणां सर्वांना ससा गोष्टीतून ठाऊक असतो. सिंहाला विहिरीत आपले प्रतिबिंब दाखवणारा ससा, कासवाबरोबर शर्यत लावून झोपी गेलेला ससा, पाठीवर पान पडताच आभाळ पडले म्हणून धावत सुटलेला ससा. चंद्रावरचा डाग सशासारखा दिसतो म्हणून चंद्राला शशांक म्हणतात. पण भगिनींनो, गोष्टीतला ससा जेवत नाही, आजारी पडत नाही आणि त्याचा केर काढावा लागत नाही. घरातला ससा हे सगळे करतो. हा फरक मला एका मुक्या जिवाच्या मोलाने कळला, म्हणून आधी तीच गोष्ट सांगते. ती सांगायला मला आजही जड जाते.

२०१८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. सिद्धेश्वराची यात्रा चालू होती. आम्ही सगळे गड्डा पाहून परत येत होतो. रस्त्याच्या कडेला एक माणूस तारेचा पिंजरा घेऊन बसला होता. त्यात मुठीएवढी पांढरी पिल्ले एकमेकांच्या अंगावर पडून होती. आमचा धाकटा तेव्हा चौथीत होता. तो तिथून हलेना. शेवटी ह्यांनी खिशातून पैसे काढले. मी त्या माणसाला विचारले, "ह्याला खायला काय द्यायचे?" तो म्हणाला, "काही पण द्या बाई. दूध-पोळी द्या, बिस्कीट द्या, सगळे खातो." मला ते खरे वाटले. लहान बाळाला दूधच देतात, नाही का?

पोराने त्याचे नाव कापूस ठेवले. मी वाटीत साखर घालून गाईचे दूध ठेवले, बिस्कीट कुस्करून दिले. तिसऱ्या दिवशी त्याची पाठची बाजू घाण झाली, म्हणून मी त्याला बादलीतल्या पाण्याने स्वच्छ आंघोळ घातली आणि उन्हात ठेवले. माझ्या मनात माया होती, दुसरे काही नव्हते. चौथ्या दिवशी पहाटे उठून पाहते तो कापूस खोक्यात आडवा पडलेला. थंडगार.

धाकटा रडला नाही. तो खोक्यापाशी बसून राहिला आणि थोड्या वेळाने त्याने मला विचारले, "आई, तू त्याला काय दिलं होतंस?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. पण माझ्याकडे उत्तर नव्हते. मी म्हटले, "त्याचं आयुष्य तेवढंच होतं." हे म्हणताना मला ठाऊक होते की मी पोराशी खोटे बोलते आहे. त्यानंतर दोन वर्षे त्याने घरात सशाचे नाव काढले नाही आणि मीही काढले नाही.

आता कळते ते सांगते. ते पिल्लू आईपासून फार लवकर तोडलेले होते. सशाच्या पिल्लाला सहा ते आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे लागते. गाईचे दूध, साखर आणि मैद्याचे बिस्कीट यांनी त्याचे पोट बिघडले. आंघोळीने तर त्याचा जीवच घाबरला असेल. सशाला आंघोळ घालायची नसते. तो मांजरासारखा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. ओले झाले की त्याचे अंग गारठते आणि भीतीने तो अर्धमेला होतो. हे मला कुणी सांगितले नव्हते हे खरे. पण मी कुणाला विचारलेही नव्हते, हेही तितकेच खरे.

पुढे २०२० साल आले. टाळेबंदीत आपल्या गल्लीतली कितीतरी बिऱ्हाडे गावी गेली. जून महिन्यात समोरच्या चाळीतले एक भाडेकरू कुटुंब खोली सोडून गेले आणि मागे जिन्याखाली एक पिंजरा ठेवून गेले. त्यात दोन ससे होते, एक तपकिरी आणि एक पांढरा-काळा. दोन दिवस कुणाच्या लक्षात आले नाही. पाण्याचे भांडे कोरडे पडलेले. घरमालक म्हणाले, मोकळ्या मैदानात सोडून देतो, गवत खाऊन जगतील. त्या मैदानात कुत्री किती असतात हे आपणां सर्वांना माहीत आहे. शेजारच्या वहिनी माझ्याकडे आल्या. "तुमच्या पोराला आवड आहे, तुम्हीच न्या."

मी सरळ नाही म्हटले. एकदा पाप झाले होते, पुन्हा नको. धाकटा दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही, आत निघून गेला. तेव्हा आमच्या सासूबाई बोलल्या. त्या मोहोळकडच्या खेड्यातल्या, जन्मभर म्हशी आणि शेळ्या सांभाळलेल्या. त्या म्हणाल्या, "जीव दारात आलाय. नाही म्हणायचं असलं तर म्हण. पण आणायचं असलं तर आधी जाणत्याला विचार. जनावर पाळायचं म्हणजे आधी त्याचं पोट वळखावं लागतं." मग मला म्हणाल्या, "तवा विचारलं न्हाईस, आता विचार."

त्या काळात बाहेर पडायची चोरी होती, पण जनावरांचा दवाखाना चालू होता. तोंडाला फडके बांधून मी आणि थोरली मुलगी पिंजरा घेऊन गेलो. जाताना मी शंभर पानी वही नेली. डॉक्टरांनी दोघांना तपासले. ससे अशक्त झाले होते, कानात खरजेची खपली होती, पण जगण्यासारखे होते. मी एकेक प्रश्न विचारला आणि थोरलीने लिहून घेतला. ती वही आजही आमच्या फडताळात आहे. त्यातले मुख्य मुद्दे आज आपल्याला सांगते, कारण अशी वेळ तुमच्याही दारी येऊ शकते.

पहिली गोष्ट पोटाची. सशाचे खरे अन्न म्हणजे गवत. गाजर नव्हे! चित्रात ससा नेहमी गाजर खाताना दाखवतात, पण गाजर गोड असते. ते आपल्या पेढ्यासारखे क्वचित आणि बोटभर द्यावे. सशाचे दात जन्मभर वाढत असतात. दिवसभर गवत चावले तरच ते झिजतात, नाहीतर वाढून तोंडात रुततात आणि जनावर उपाशी मरते. शिवाय त्याचे आतडेही गवताच्या चोथ्यावरच चालते. म्हणून वाळलेले गवत त्याच्यापुढे रात्रंदिवस असले पाहिजे. आमच्याकडे सासूबाईंच्या माहेराहून मारवेल गवताची पोती येतात, आणि कडब्याची पाती तर सोलापुरात कुठेही मिळतात. त्यावर रोज मूठ-दोन मुठी हिरवा पाला: हरळी, कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला, पुदिना. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो, मोठ्यांना थोडाच द्यावा. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, चॉकलेट, भात, पोळी, बिस्कीट यांतले काही देऊ नये. सासूबाईंनी एक भर घातली ती शेतकऱ्याघरच्या बायकांना पटेल. कोवळी हिरवी ज्वारी कुठल्याच जनावराला घालू नये, ती विषारी असते. वाळलेला कडबा मात्र चालतो.

दुसरी गोष्ट ऐकून तुम्ही नाक मुरडाल, पण सांगते. ससा आपलीच एक प्रकारची मऊ लेंडी खातो. पहाटेच्या सुमारास तो मान वाकवून ती थेट तोंडात घेतो. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याला हाकलले. डॉक्टर म्हणाले, "ताई, त्याला हाकलू नका. गाय रवंथ करते ना, तसेच हे समजा. एकदा पोटातून गेलेल्या अन्नातले सत्त्व तो दुसऱ्यांदा घेतो." कोरड्या गोल लेंड्या वेगळ्या. त्यांना वास नसतो आणि खत म्हणून त्या थेट कुंडीत टाकता येतात. आमच्या तुळशीची वाढ पाहून तुम्ही विचारता ना, मी काय घालते? तेच घालते, बरे का.

तिसरी गोष्ट उचलण्याची. सशाला कानांनी धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घेऊन अंगाशी धरावे. त्याचे मागचे पाय फार जोरदार आणि पाठीचे हाड नाजूक. अधांतरी धरले आणि त्याने झटका दिला तर त्याच्याच जोराने पाठ मोडते. लहान मुलांना म्हणून आम्ही नियम केला आहे: सशाला उचलायचे नाही, आपण जमिनीवर बसायचे. त्याला वाटले तर तो जवळ येतो.

चौथी गोष्ट जागेची. तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात त्याचे पाय चिरतात. आम्ही मागच्या पडवीत फळ्यांचे खोपटे केले, खाली गवत पसरले आणि संध्याकाळी दोन-तीन तास घरात मोकळे सोडू लागलो. त्या वेळी विजेच्या वायरी वर बांधून ठेवाव्या लागतात, कारण त्या तो पटकन तोडतो. आमच्या तपकिरी सशाने पहिल्याच आठवड्यात नव्या सोलापुरी चादरीचा कोपरा कुरतडून चिंध्या केल्या, म्हणून तिचे नाव चिंधी पडले. पांढरा-काळा गुबगुबीत होता, तो ढब्बू. डॉक्टरांनी सांगितल्यावर चादरी, गोणपाट सगळे दूर केले. सुताचे धागे पोटात अडकतात.

भगिनींनो, आता पुढची गंमत ऐका. चाळीत सगळे म्हणत होते की दोन्ही माद्याच आहेत. खरजेच्या नादात आम्हीही नीट विचारले नाही. जुलै महिन्यात एके दिवशी चिंधी छातीवरचे केस उपटून तोंडात गवत घेऊन पळापळ करू लागली. मला वाटले वेड लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही बाळंत व्हायला आलीय!" दुसऱ्या दिवशी सकाळी केसांच्या घरट्यात सहा पिल्ले. उघडीनागडी, डोळे मिटलेली, आपल्या अंगठ्याएवढी. सशाचे दिवस भरायला महिनाच लागतो. आणि आणखी ऐका, व्यायल्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते! डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांचे पहिले वाक्य होते, "आधी नराला वेगळा करा." ह्यांनी तासाभरात मध्ये फळी ठोकली. थोरलीने तिच्या पुस्तकात वाचलेले सांगितले: १८५९ साली ऑस्ट्रेलियात एका गोऱ्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेने विलायतेहून आणलेले दोन डझन ससे सोडले, आणि त्यांची पिलावळ इतकी माजली की तो सबंध देश अजून त्यांच्यापायी डोक्याला हात लावून बसला आहे. आमची तर पडवी आठ हाताची!

त्या पिल्लांपायी मी पुन्हा तीच चूक करणार होते. दिवसभर पाहिले तर चिंधी पिल्लांकडे फिरकेना. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आईने टाकली ती. कापसाने दूध पाजा." मी दूध कोमटही केले होते. धाकटा माझ्या हातातल्या वाटीकडे पाहत होता. ती नजर मी ओळखली. मी वाटी खाली ठेवली आणि आधी फोन केला. डॉक्टर म्हणाले, "सशाची आई दिवसातून एकदा-दोनदाच पाजते, तेही पाचच मिनिटे, पहाटे नाहीतर रात्री. वारंवार घरट्याजवळ गेली तर शत्रूला पत्ता लागेल, म्हणून ती दूर राहते. पिल्लांची पोटे गोल आहेत का तेवढे पाहा." पाहिले तर चौघांची पोटे गच्च भरलेली. दोन मात्र पहिल्यापासून अशक्त होती, ती आठवड्यात गेली. उरलेल्या चौघांचे डोळे दहाव्या-अकराव्या दिवशी उघडले, आणि तिसऱ्या आठवड्यात ती पडवीभर उड्या मारू लागली.

आता त्यांचे काय करायचे, हा प्रश्न आला. एका नातेवाइकांनी निरोप पाठवला, "मोठे झाले की आमच्याकडे द्या, झणझणीत रस्सा करू." आम्ही काही माळकरी नाही. आमच्या घरी मटण शिजते, तेव्हा मी कुणाला नावे ठेवणार नाही. पण ज्याला पोराने नाव ठेवले, त्याला चुलीकडे पाठवणे मला जमले नाही. नातेवाईक थोडे रागावले. दोन माद्या ह्यांच्या कामावरच्या एका मित्राने नेल्या. एक नर आणि एक मादी शाळेतल्या एका बाईंनी नेली. दोन-दोनच दिली, कारण ससा एकटा राहिला की झुरतो. नराची शस्त्रक्रिया करून घेण्याचे वचन घेतल्याशिवाय मी टोपली हातात दिली नाही.

ढब्बूची शस्त्रक्रिया आम्हीही करून घेतली. त्यानंतरही सहा आठवडे त्याला वेगळा ठेवावा लागला, कारण तोवर भरवसा नसतो. चिंधीची पुढच्या वर्षी पुण्याला झाली. मादीची शस्त्रक्रिया मोठी असते आणि खर्चाचीही. पण ती केली नाही तर वय वाढल्यावर पुष्कळ माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग होतो, असे डॉक्टरांनी समजावले. ते ऐकल्यावर मला ते एका बाईचे दुःख वाटले आणि मी कंजुषी केली नाही.

पुढची दोन वर्षे सुखाची गेली. ससा भुंकत नाही, म्याव करीत नाही, पण त्याला भाषा नाही असे समजू नका. भय वाटले की मागचा पाय धाडकन जमिनीवर आपटतो. आनंद झाला की हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो. कपाळावरून हात फिरवला की दात हलकेच कुरकुर वाजवतो. सासूबाई रात्री जपाची माळ घेऊन बसल्या की चिंधी त्यांच्या पायाशी पसरते. त्या म्हणतात, "ही माझी ऐकणारी. सून कामात, नातवंडं मोबाईलात."

मग २०२३चा मे महिना आला. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. सशाला घाम येत नाही; अंगातली उष्णता तो लांब कानांतून बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो, आणि इथे बेचाळीस! आम्ही दुपारी दोघांना आत शहाबादी फरशीवर घेत होतो, खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावत होतो आणि पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून जवळ ठेवत होतो. पण त्याच आठवड्यात घरी लग्नाचे पाहुणे होते. मुलांनी कौतुकाने दिवसभर चिंधीला आंबा, केळे, बिस्किटे भरवली. मी पोळ्यांच्या गराड्यात होते, माझे लक्ष राहिले नाही.

रात्री नऊ वाजता धाकटा आला. "आई, चिंधी गवताला तोंड लावत नाही. आणि दुपारपासून लेंडी नाही." मी पाहिले तर ती कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले, कान गार. वहीत मी स्वतः लाल शाईने लिहून ठेवले होते: सशाने बारा तास खाल्ले नाही तर मरणाचे भय. त्याला उलटी होत नाही. पोट थांबले की सगळे थांबते.

हे दुसऱ्या पाळीला गेले होते. घरात पाहुणे. एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "शे-दोनशेचा ससा, त्याच्यापायी रात्रीची रिक्षा? उद्या दुसरा आणा." डब्यात माझे भिशीचे तीन हजार होते, जोडवी करायची म्हणून ठेवलेले. मी ते पदराला बांधले आणि धाकट्याला म्हटले, "टोपली घे." सासूबाईंनी पाहुण्यांना एवढेच सांगितले, "जेवणं मी वाढते. तिला जाऊ द्या."

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, नळी लावून ऐकले. आतड्याचा आवाज बंद होता, पण कुठे काही अडकलेले नव्हते. त्यांनी कातडीखाली सलाईन दिले, वेदनेचे औषध दिले आणि सांगितले, "आता रात्र तुमच्या हातात आहे." वाळलेले गवत वाटून, भिजवून, गाळून, सुई काढलेल्या पिचकारीने दर तीन तासांनी तोंडाच्या कडेने थोडे थोडे द्यायचे. घाई केली तर श्वासनळीत जाईल.

त्या रात्री आम्ही दोघे मायलेक स्वयंपाकघरात बसलो. ढब्बूला तिच्याजवळच ठेवले होते, तो तिचे कान चाटत होता. अकराला दिले, दोनला दिले. दोनच्या वेळी तिने मान फिरवली आणि मला कापूस आठवला. पोरगा आता चौदा वर्षांचा, ओठावर मिसरूड फुटलेले. मी त्याला म्हटले, "तेव्हा मी तुला खोटं सांगितलं होतं. त्याचं आयुष्य तेवढं नव्हतं. मी त्याला दूध-बिस्कीट दिलं, आंघोळ घातली, त्यानं तो गेला." तो म्हणाला, "मला माहीत आहे, आई. मी केव्हाच वाचलं होतं." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "तुला माहीत नव्हतं ना तेव्हा." पाच वर्षे माझ्या छातीवर असलेला दगड त्याने असा एका वाक्यात उतरवला.

पहाटे पाचला तिसऱ्यांदा दिले. साडेसहाच्या सुमारास फरशीवर बारीक, वेड्यावाकड्या चार लेंड्या दिसल्या. भगिनींनो, हसू नका. पण सोन्याची जोडवी पाहूनही मला तेवढा आनंद झाला नसता. धाकट्याने सासूबाईंना उठवून त्या दाखवल्या! दुपारी चिंधीने कोथिंबिरीची एक काडी स्वतःहून ओढली. आणखी दोन दिवस औषध चालले. ती आज ठणठणीत आहे आणि जोडवी मी दिवाळीनंतर केली.

शेवटी चार विनंत्या करते आणि बसते.

एक, रस्त्यावरच्या पिंजऱ्यातले पिल्लू मुलाच्या हट्टाखातर घेऊ नका. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. मुलगा चौथीत असताना आणलेला ससा तो कॉलेजात जाईपर्यंत तुमच्या गळ्यात असतो. तेवढी तयारी असेल तर कुणी टाकलेला, कुणाला नकोसा झालेला जीव आणा. आणि आणण्याआधी विचारा.

दोन, बिऱ्हाड हलवताना जनावर मागे सोडून जाऊ नका. उपाशीतापाशी मरेल अशा रीतीने जनावर टाकून जाणे हा १९६०च्या कायद्याने गुन्हाच आहे, पण कायद्याच्या आधी ते आपल्या मनाला लागले पाहिजे. अडचण असेल तर मंडळात येऊन सांगा. आपण चौघी मिळून घर शोधू.

तीन, शेतात तुरीच्या काढणीला सशाचे पिल्लू सापडले तर ते घरी आणू नका. तो रानससा, आपल्या पाळीव सशाची जातच वेगळी. त्याची पिल्ले केसाळ आणि उघड्या डोळ्यांची जन्मतात, आई जवळपासच असते आणि अंधार पडला की पाजायला येते. सासूबाईंच्या भावाने लहानपणी असे एक आणले होते, ते दोन दिवसांत गेले. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते पाळण्यास मनाई आहे.

चार, आणि ही सशापुरती नाही. आपण बायका मायेने पुष्कळ करतो आणि माया केली म्हणजे सगळे बरोबरच झाले असे समजतो. मला सशांनी शिकवले की मायेला माहितीची जोड लागते. आणि चूक झाली तर ती पोरांपुढे कबूल करायला लाजू नये. पोरांना ती बहुधा आधीच कळलेली असते.

संध्याकाळी सहानंतर कुणीही घरी या. मुलांना आणा, मात्र खिशात बिस्किटे आणू नका. तुळशीसाठी खत हवे असेल तर डबा घेऊन या. ते आमच्याकडे भरपूर आहे.